जिराफाच्या वरची रेघ

जिराफ निर्दोष सुटला.

सकाळी अकराच्या सुमारास बाल न्यायालयाच्या बाईंनी निकाल वाचला: मुलाने रोडरोलर चोरला नाही, मुद्दाम काही मोडलं नाही, सबब त्याला निर्दोष ठरवून मुक्त करण्यात येत आहे. खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटलं. शिपायाने तर टाळी वाजवली. एक. दुसरीसाठी हात उघडले आणि तसेच उघडे राहिले, कारण शिरस्तेदार उठून बाईंच्या कानाशी पोचले होते, आणि गोड बातमी सांगायला शिरस्तेदार आजवर कधी कुणाच्या कानाशी गेलेले नव्हते.

जे सांगायचं ते तीन वाक्यांत झालं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्टेनोकडे वळून म्हणाल्या, "आत्ताचं घेऊ नका."

"कुठपासून मॅडम?"

"मी तोंड उघडलं तिथपासून."

त्यामुळे जिराफ सुटला नाही. बाईंनी काही वाचलं नाही, शिपायाने टाळी वाजवली नाही, आणि न्यायालय जेवणाच्या सुट्टीसाठी उठलं. सव्वाअकराला. इतक्या सकाळी भूक लागलेलं न्यायालय कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तेही कुणी पाहिलं नाही असंच ठरलं.

खोलीबद्दल सांगायला हवं. बाल न्यायालय हे मुलांना घाबरवणारं नसावं, असा नियम आहे आणि नियम चांगलाच आहे. उंच आसन नको, काळा कोट नको, आरोपीचा पिंजरा नको. हे सगळं नको झाल्यावर हवं काय, हे ठरवण्याचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं, तो आधी बालवाड्या रंगवायचा. त्याने भिंतीवर बदकं काढली, छताला ढग लावले आणि बसायला पिवळ्या-लाल बुटक्या खुर्च्या दिल्या. त्यामुळे घरफोडीतली, मारामारीतली, मिसरूड फुटलेली मुलं गुडघे कानाशी घेऊन बसायची, आणि समोर तशाच खुर्चीत बाई.

दाराजवळच्या भिंतीवर उंची मोजायचा जिराफ होता. आलेल्या मुलाला आधी त्या जिराफाशी उभं करायचं आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायची, ही शिपायाने स्वतःच्या मनाने पाडलेली प्रथा. मूल मोकळं होतं, असं त्याचं म्हणणं. बहुतेक मुलांच्या दोन-तीन रेघा व्हायच्या आणि प्रकरण संपायचं. एका मुलाच्या रेघा मात्र जिराफाच्या पोटापासून निघाल्या, मान चढल्या, कान ओलांडून शिंगांवर गेल्या, आणि शेवटची तर शिंगांच्याही वर, कोऱ्या भिंतीवर होती. ती मारायला शिपायाला लाल खुर्चीवर चढावं लागलं होतं. म्हणून त्या मुलाचं नाव जिराफ पडलं. सगळ्यांना ते नाव आवडलं. हा मुलगा इतका वाढेपर्यंत आपण करत काय होतो, हा प्रश्न त्या नावातून कुणाला सुचला नाही.

बाईंच्या खोलीत शिरस्तेदारांनी दार लोटलं.

"मॅडम, आपण निर्दोष म्हणालात. म्हणा. माझं काय जातंय? पण मग ही तीन वर्षं कुणाच्या नावावर टाकायची, तेवढं सांगा."

"कुठली तीन वर्षं?"

"मुलगा आत आहे ती. तीन, आणि वर दोनेक महिने."

"आत कसा असेल? जामीन झालाय त्याचा. मी स्वतः वाचलंय."

"जामीन झालाय. बाहेर गेलाय, असं कुठे वाचलंत?"

बाईंनी फाईल जवळ ओढून पहिलं पान काढलं. या प्रकरणातल्या त्या चौथ्या न्यायाधीश. पहिल्यांनी अगदी सुरुवातीला जामीन दिला होता: मामा हा एकच नातेवाईक, मामा न्यायालयात हजर झाला की मुलाला त्याच्या ताब्यात द्यावं. मामा हजर झाला नाही. दुसऱ्या न्यायाधीशांनी 'जामीन मंजूर' एवढं वाचलं आणि पुढची तारीख दिली. तिसऱ्यांनी दुसऱ्यांचं वाचलं. बाईंनी तिसऱ्यांचं वाचलं, आणि वर्षभर त्याही तारखा देत आल्या. शेवटी मागच्या तारखेला रोलरचा राखणदार सापडला, त्याने साक्ष दिली, आणि घोंगडं एकदाचं वाळलं असं सगळ्यांना वाटलं.

"पण त्याच्याशेजारी मामा बसतात ना दर वेळी? ते करड्या स्वेटरमधले?"

"तो सुधारगृहाचा पहारेकरी आहे, मॅडम."

"मी त्यांना दोनदा सांगितलं, भाच्याकडे लक्ष द्या म्हणून."

"देतोय की. चांगला माणूस आहे."

हाही नियमच होता. मुलांना गणवेश घालायचा नाही, बेडी घालायची नाही, पहारेकऱ्यांनी साध्या कपड्यांत यायचं. कोण घरून आलंय आणि कोण आतून, हे बघणाऱ्याला कळू नये, असा त्यामागचा हेतू. हेतू शंभर टक्के सफल झाला होता.

"आता ऐका," शिरस्तेदार म्हणाले. त्यांच्या आवाजात दिवसभर कागद हलवणाऱ्या माणसाची माया होती. "मुलाला दोषी धरा. शिक्षा द्या तीन वर्षं. त्याहून जास्त कायदा देऊ देत नाही, आणि कमी दिलीत तर वरची आपल्या गळ्यात येतात. तीन दिली, तीन भोगली, बाकी शून्य. पोरगं आज चार वाजता घरी. निर्दोष म्हणालात तरी चार वाजताच घरी. त्याला काय फरक पडतो?"

"आणि वरचे दोन महिने?"

"त्याला कागदोपत्री विलंब म्हणतात."

"निर्दोष म्हटलं तर?"

"चौकशी. चौघा न्यायाधीशांची. पहिले निवृत्त झाले, दुसरे वारले, तिसरे फार वर गेले." शिरस्तेदार खोकले आणि खोकताना त्यांची नजर बाईंच्या टेबलाच्या वरच्या खणाकडे गेली.

त्या खणात बदलीचा हुकूम होता. पुढच्या महिन्यात, स्वतःच्या गावी. तिथे बाईंची मुलगी आत्याकडे राहून शाळेत जात होती. फोनवर सांगायची, आई, मी आत्याच्या खांद्याला लागले. मग एकदा म्हणाली, कानाला लागले. बाई म्हणायच्या, अगं हळू. चौकशी लागलेल्या माणसाची बदली होत नाही. हे शिरस्तेदार बोलले नाहीत. ते नुसते खोकले, पण खोकला अगदी मुद्देसूद होता.

बाईंच्या सोबत निकालावर सह्या करणारे दोन सदस्य होते, समाजातले प्रतिष्ठित म्हणून नेमलेले. त्यांना आत बोलावलं. एक दाताचे डॉक्टर. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तिथे सही करतो. दुपारी माझ्या दोन दाढा आहेत." दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मत दिलं की मुलाने आधी ताठ बसायला शिकावं.

"टाइप करून ठेवू का मग?" शिरस्तेदारांनी विचारलं.

बाई 'हो' म्हणाल्या नाहीत. 'नाही'ही म्हणाल्या नाहीत. डबा उचलून बाहेर गेल्या. शिरस्तेदारांच्या शब्दकोशात याला मंजुरी म्हणतात.

मागच्या व्हरांड्यात नळ होता आणि नळाशेजारी लाकडी बाक. बाईंनी डबा न खाताच धुतला. मग लक्षात आल्यावर तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना दमायला झालं होतं, पण झोपेने जाईल अशातलं ते दमणं नव्हतं. तीन वर्षं. मुलांना फार काळ कोंडू नये म्हणून कुणीतरी भल्या माणसांनी भांडून-तंडून हे लिहून घेतलं असणार. शिक्षेला त्यांनी छत घातलं. वाट बघण्याला छत घालायचं राहिलं, आणि सगळी गळती तिथूनच झाली.

बाकावर एक माणूस बसला होता. पायात रबरी चपला, खांद्यावर टॉवेल, मांडीवर कापडी पिशवी. ट्रक ड्रायव्हरचा डावा हात उजव्यापेक्षा जास्त काळा असतो, खिडकीबाहेर राहून. याचा होता.

"कुणाची वाट बघताय?" बाईंनी विचारलं.

"न्यायालयाची."

"ते आत आहे. चालू आहे, आत्ता जेवणाची सुट्टी."

माणूस ताडकन उठला. "आज? बुधवारी?"

"काल मतमोजणीची सुट्टी होती. म्हणून कालचं आज."

"घ्या! मला कोण सांगणार? मी आपला नेहमीसारखा येऊन बसलो."

"नेहमीसारखा म्हणजे?"

"दर बुधवारी बसतो. माझी गाडी बुधवारी सकाळी इथे लागते, गुरुवारी पहाटे सुटते. तुमचं न्यायालय भरतं मंगळवारी. मंगळवारी मी असतो पार तिकडे, समुद्राच्या काठाला, माल उतरवत."

"मग बंद न्यायालयाबाहेर बसून काय करता?"

"घरी बसून तरी काय करू? इथे बसलं की वाटतं, काहीतरी चाललंय."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते बसेना. परत लावलं. "तारीख बुधवारी द्या, असा अर्ज करायचा."

"केला ना. दोनदा केला. अर्ज सुनावणीला लागला."

"मग?"

"मंगळवारी."

यावर बाईंना हसू आलं. ते हसू अर्ध्या वाटेत कुठेतरी बसून राहिलं.

"पोराला भेटायला जात असाल ना, सुधारगृहात?"

"भेटीचा वार रविवार. रविवारी मी घाटात." न्यायालयात कधीच न पोचलेल्या त्या मामांनी पिशवीतून शर्ट काढून दाखवला. निळा, घडीचा, कॉलरमध्ये पुठ्ठा. "दर वेळी अंदाजाने मोठा आणतो आणि तिथल्या एका पहारेकऱ्याकडे देतो. भला माणूस. दर वेळी सांगतो, लहान झाला. आता हा माझ्या मापाच्या वरचा घेतलाय. शेवटचा पाहिला तेव्हा इथवर होता." त्यांनी हात छातीशी धरला. "तुमचंही कुणी आहे का आत?"

"नाही. माझी मुलगी बाहेर आहे," बाई म्हणाल्या. "मीच आत आहे."

मामांनी समजल्यासारखी मान हलवली. न्यायालयाच्या आवारात माणसं कसंही बोलतात, याची त्यांना सवय असावी.

"चोरला नाही हो त्याने रोलर," ते आपणहून म्हणाले. "चोरून जाणार कुठे? तो धावत नाही, दौडत नाही. पोलीस म्हणे शेजारून चालत होते आणि हात जोडून सांगत होते, बाबा थांब. राखणदार चालू ठेवून चहाला गेला आणि याला म्हणाला, लक्ष ठेव. उतारावर निघाला की तो आपोआप. हा चढला वर. खाली शाळेचं फाटक होतं. याने वळवला. बरोबर वळवला. फाटकापासून वळवला तो थेट फौजदारसाहेबांच्या नव्या मोटारसायकलवर आणि तिथून जमीन कार्यालयाच्या भिंतीवर. वळवायला मीच शिकवलं होतं, माझ्या गाडीत, मांडीवर बसवून. पाय पुरायचे नाहीत त्याचे. ब्रेक मी मारायचो." ते जरा थांबले. "थांबवायचं शिकवायचं राहून गेलं."

राखणदाराने साक्षीत हेच सांगितलं होतं. पण साक्षीत मांडी नव्हती.

"आज सुटेल असं ऐकतेय," बाई म्हणाल्या. "चोर ठरून सुटेल, किंवा न ठरून."

"ठरून सुटला तर मग काय सुटला? आमचे मालक म्हणालेत, पोराला क्लीनर म्हणून घेतो, पुढेमागे गाडीही देतो. पण गाडी चोरलेला नको. बरोबर आहे त्यांचंही. कोण देईल?" मामांनी शर्टाची घडी परत नीट केली. "तुम्ही आत कुणाला ओळखता का? जरा शब्द टाकाल?"

"ओळखते," बाई म्हणाल्या. "पण त्या कुणाचं ऐकतील असं वाटत नाही. फार दमल्यात."

दुपारी न्यायालय परत भरलं. टेबलावर टाइप केलेला निकाल तयार होता. दोषी, तीन वर्षं, भोगलेली वजा, बाकी शून्य. स्टेनोने समास इतके सुंदर सोडले होते की वाचल्याशिवाय सही करावी. दाताच्या डॉक्टरांनी तशीच केलीही होती.

जिराफाला आणलं. शेजारी स्वेटरवाले पहारेकरी, जे मामा नव्हते. दाराशी खरे मामा, पिशवी पोटाशी धरून. त्यांना खोलीत लहान मूल दिसेना. त्यांनी छातीशी हात धरून शोधलं, मग तो हात हळूहळू वर नेत गेले, आणि आपल्या डोक्याच्याही वर गेल्यावर त्यांना भाचा सापडला. नवा शर्टही लहान होणार होता. मग त्यांची नजर समोर गेली, आणि नळावर डबा धुणारी बाई निकालाचा कागद हातात घेऊन बसलेली त्यांना दिसली. मामांनी पिशवी खाली ठेवली आणि उगाचच परत उचलली.

जिराफ पिवळ्या खुर्चीवर बसला, म्हणजे जितकं बसता येतं तितकं.

"ताठ," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

निकालाआधी मुलाचं म्हणणं ऐकावं, असाही नियम आहे. शिरस्तेदारांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

जिराफ उभा राहिला. आत राहून त्याला एकच भाषा अस्खलित येऊ लागली होती. सुधारगृहात सगळ्या मुलांचे अर्ज तोच लिहायचा, ज्यादा पांघरुणाचे, दाढदुखीचे, आईला फोन लावून देण्याचे. आता त्याला पाणी मागायचं तरी ते 'मिळावे' असंच मागायचा.

"महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, मला तीन वर्षांची शिक्षा देण्यात यावी, ही विनंती."

खोलीतली बदकंसुद्धा वळल्यासारखी वाटली.

"का रे?" मामा दारातूनच ओरडले. "डोकं फिरलं का तुझं?"

"मामा, तू थांब जरा." मामाशी बोलताना त्याची भाषा साधी झाली आणि आवाज फुटला. मग तो परत बाईंकडे वळला. "पहारेकरीकाका म्हणाले, नाहीतर चौकशी लागेल. तुम्ही अडकाल, काकाही अडकतील. काकांच्या निवृत्तीला थोडंच राहिलंय. सर्वांच्या सोयीचं होईल."

"मी असं म्हणालो नाही," पहारेकरी हळूच म्हणाले. मग स्वेटरचं टोक ओढत म्हणाले, "म्हणालो. पण असं सांग म्हणालो नाही."

"तू रोलर चोरलास?" बाईंनी विचारलं.

"नाही. वळवला."

"मग शिक्षा कशाची मागतोस?"

जिराफाने खाली बघितलं. तिथे त्याचेच पाय होते, फार लांब. "महोदया, तीन वर्षं झाली ती झालीच ना? आता ती कशासाठी झाली, असं कुणी विचारलं तर काहीतरी सांगता आलं पाहिजे. मला शेजारचे विचारतील. शाळेतली मुलं भेटतील, ती आता कॉलेजात असतील. कुठे होतास? रोलर चोरला म्हणून आत होतो, असं सांगितलं तर निदान गोष्ट तरी होते. नुसतीच झाली, असं कसं सांगू?"

शिरस्तेदारांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. मुलगा त्यांच्याच बाजूने बोलत होता आणि त्यांच्यापेक्षा चांगलं बोलत होता. पण ते पेनाचं टोपण उघडत-लावत राहिले.

बाईंनी टाइप केलेला कागद हातात घेतला. हा कागद वाचला तर पुढच्या महिन्यात मुलगी आत्याच्या कानाला लागते की आणखी वर गेली, हे समोर उभं राहून बघता येणार होतं. मुलगा चार वाजता घरी जाणार होता, पहारेकऱ्यांचं निवृत्तिवेतन जागेवर राहणार होतं, डॉक्टरांच्या दाढा वेळेवर निघणार होत्या. फक्त दारातल्या माणसाच्या पिशवीतला शर्ट चोराच्या अंगावर जाणार होता. कागदात चूक काढायला जागाच नव्हती. जे झालं ते सगळं त्यात बसत होतं. जे झालं नाही तेही बसत होतं.

त्यांनी जिराफाकडे पाहिलं, आणि मग त्याच्यामागच्या जिराफाकडे. वरच्या बऱ्याच रेघा त्यांच्या स्वतःच्या तारखांच्या होत्या. प्रत्येक वेळी शिपाई म्हणायचा, "मॅडम, पोरगं वाढतंय," आणि त्या हसून म्हणायच्या, "वाढू दे."

"नुसतीच झाली," बाई म्हणाल्या.

"काय मॅडम?" स्टेनोने विचारलं.

"तीन वर्षं नुसतीच झाली. तसंच लिहायचं." त्यांनी कागद उलटा ठेवला. "सकाळचा निकाल झाला होता. मी वाचला होता, या सगळ्यांनी ऐकला होता. मुलगा निर्दोष. त्याखाली लिहा: सदर मुलगा तीन वर्षं आणि वर दोन महिने कोणत्याही कारणाशिवाय कोंडून ठेवला गेला. त्यातलं शेवटचं वर्ष माझ्यासमोर."

शिरस्तेदार अर्धवट उठले. "मॅडम, शेवटचं वाक्य... हे घेऊ नये ना?"

"हे घ्या."

स्टेनोने घेतलं. खोलीत फक्त टाइपिंगचा आवाज होता. तो थांबला तेव्हा शिपायाला सकाळची राहिलेली टाळी आठवली आणि त्याने ती वाजवून टाकली. एकटीच. कुणी साथ दिली नाही, पण कुणी रागावलंही नाही.

दाताच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कागदावरही सही केली. मुख्याध्यापिकांनी सही करण्याआधी पूर्ण वाचला, एक स्वल्पविराम घातला, आणि मग बराच वेळ जिराफाकडे बघत राहिल्या. "नीट उभा राहतोस की," म्हणाल्या.

मामा पुढे आले. भाच्याला मिठी मारायची तर कुठून सुरुवात करावी, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी शर्ट त्याच्या हातात दिला. "लहान होईल."

"चालेल," जिराफ म्हणाला.

"चल. गाडी लागलीये. उद्या पहाटे निघायचं. या खेपेला शेजारी बस माझ्या."

"ब्रेक शिकवशील?"

"आधी ब्रेकच," मामा म्हणाले आणि टॉवेलने तोंड पुसत बसले. तोंड कोरडंच होतं, पुसायचे होते डोळे, पण इतक्या लोकांसमोर ते आधी तोंडापासून निघाले.

बाई आपल्या खोलीत गेल्या. वरच्या खणातला बदलीचा हुकूम काढून त्यांनी खालच्या खणात ठेवला. तिथे जुन्या टाचण्या आणि एक फुटकी पट्टी होती. संध्याकाळी मुलीला फोन करायचा होता. काय सांगायचं, हे त्यांनी ठरवलं नाही. आधी तिलाच विचारायचं, आता कुठे लागतेस.

निघण्याआधी जिराफाने शिरस्तेदारांकडे एक कोरा कागद मागितला. मिळावा, असं म्हणाला. लाल खुर्चीचं टेबल करून त्याने तो लिहिला आणि आवकच्या खिडकीत दिला. शिरस्तेदारांनी वाचला. एरवी असले कागद ते वाचतावाचताच परत सरकवत. या वेळी त्यांनी शिक्का शाईत दोनदा बुडवला, नीट ओळीत मारला, आणि खिडकी पाच वाजायच्या आधीच बंद केली.

अर्ज असा होता:

प्रति,
मा. बाल न्यायालय.

विषय: वयाबाबत.

महोदया,

अर्जदार आत आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मधला काळ कोणत्याही कारणाशिवाय गेला, असे मा. न्यायालयाने आज स्वतः लिहून दिले आहे. ज्याला कारण नाही ते हिशेबात धरण्याचा नियम अर्जदारास कुठेही आढळला नाही. अर्जदाराची त्या काळातील शाळा, शाळेतील मुले व मामाचे बुधवार जसेच्या तसे शिल्लक आहेत, ते वापरावयाचे आहेत. तरी अर्जदाराचे वय आजपासून पंधरा वर्षे धरण्यात यावे, व भिंतीवरील जिराफाच्या पोटापासून वरच्या सर्व रेघा पुसून, त्या जागी अर्जदारास परत उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.